पाळक आणि मंडळी : कोणी कोणास निवडावे?

देवळाचा पुजारी बहुधा वंशपरंपरेने येतो. मठात गुरू आपल्या शिष्यास गादी देतो. सप्ताहासाठी कीर्तनकार आणावयाचा झाला तर गावकरी चार नावे काढतात, बिदागी ठरते, आणि बुवा मनास आले नाहीत तरी आठवड्याने ते आपल्या वाटेने जातात. ख्रिस्ती पाळकाचे तसे नाही. तो येतो तो काही वर्षांसाठी. लेकराच्या बाप्तिस्म्यापासून म्हाताऱ्याच्या मूठमातीपर्यंत प्रत्येक घरात त्याला जावे लागते. म्हणून धर्मशिक्षण पुरे करून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की आपली मंडळी कोणती? ('मंडळी' हा शब्द आपल्याकडे जुन्या वळणाचे गृहस्थ बायकोलाही लावीत. मराठी ख्रिस्ती लोक तो चर्चच्या समाजाला लावतात, आणि दोन्ही ठिकाणी स्थळ पारखूनच पाहावे लागते!)

ही निवड कोणी करावयाची, याविषयी सर्व पंथांचे एकमत नाही. रोमन कॅथलिकांत बिशप नेमणूक करतो व धर्मगुरू ती आज्ञा म्हणून पाळतो. आपल्या विदर्भात अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ साली झाला, तेथेही हीच रीत. मेथॉडिस्टांच्या वार्षिक परिषदेत बिशप नेमणुका वाचून दाखवितो आणि पाळक सामान बांधावयास लागतात. काँग्रिगेशनल पंथात उलट आहे. तेथे मंडळी स्वतः पाळकाला पाचारण करते, जणू गावाने मते देऊन माणूस निवडावा. प्रेस्बिटेरियनांचा मार्ग यांच्या मधला : पाचारण मंडळीचे, पण त्यास वरिष्ठ सभेची संमती हवी. १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरास सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तीत या निरनिराळ्या परंपरा एका छपराखाली आल्या व बिशपाचे पद सर्वांनी स्वीकारले.

पिंपळगाव राजाच्या श्रोत्यांना हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. तालुक्याचे खामगाव, पलीकडे अकोला, या कापसाच्या मुलुखात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनचे काम सुरू झाले. त्या संस्थेचा मूळ पुरुष आल्बर्ट सिम्पसन हा स्वतःच मंडळी शोधीत फिरलेला पाळक होता. १८४३ साली कॅनडात जन्मलेला हा गृहस्थ प्रथम हॅमिल्टनला, मग अमेरिकेतील लुइव्हिलला, आणि १८७९ साली न्यूयॉर्कच्या एका प्रतिष्ठित प्रेस्बिटेरियन मंडळीत आला. पगार उत्तम, माणसे सुखवस्तू. पण गरीब इटालियन स्थलांतरितांपैकी शंभरेक जण त्याच्या उपदेशाने जवळ आले, तेव्हा त्यांना आपल्यात घेण्यास मंडळीचे वडील राजी होईनात. त्यांनी दुसरे चर्च पाहावे, असे म्हणणे पडले. बाप्तिस्म्याविषयीही सिम्पसनचे मत बदलले होते. १८८१ साली त्याने ती जागा सोडली. पुढच्या पहिल्या बैठकीस सात माणसे जमली होती. बड्या मंडळीतून सात माणसांकडे येणे हा व्यवहार कोणत्याही हिशेबाने तोट्याचाच; पण त्या सात माणसांतून निघालेले काम वऱ्हाडात येऊन पोहोचले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे मूळ अहमदनगरात (आजच्या अहिल्यानगरात) सापडते. अमेरिकन मराठी मिशनच्या तेथील मंडळीत कित्येक वर्षे गोरे मिशनरीच पाळक असत. परदेशातील धन्यांनी कोठवर पोसावे, देशी मंडळीस देशी पाळक का नसावा, असा विचार बळावला, आणि १८५४ साली हरि रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना दीक्षा देऊन नगरच्या दोन मंडळ्या त्यांच्याकडे सोपविल्या. दोघेही जन्माने ब्राह्मण. आणि त्या भागातील ख्रिस्ती समाज वाढत गेला तो मुख्यतः महार व मांग समाजांतून. पाळकाने आपल्या माणसांच्या पंक्तीस बसावे की नाही, हा प्रश्न त्या काळी पुस्तकी नव्हता. आमच्या मते नव्या पाळकाची खरी परीक्षा वेदीवर होत नाही, ती ताटावर होते.

दुसरी परीक्षा वेतनाची. पाळकाला पगार मिशनने दिला तर तो मिशनचा नोकर दिसतो; मंडळीने द्यावा तर शेतमजुरांच्या मंडळीजवळ रोख पैसा असतो कोठे? धान्य आले, कापूस विकला, की चार पैसे हाती येतात. दर महिन्याला नव्हे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या आयुष्यात ही ओढाताण स्पष्ट दिसते. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, १९०४ साली दीक्षा झाली, वर्षानुवर्षे मिशनमध्ये राहून त्यांनी भजन-कीर्तन उपासनेत आणले. तरी ख्रिस्ताचा सेवक परदेशी वेतनावर असल्यामुळे आपल्याच लोकांना तो परका वाटतो, ही खंत त्यांना सोडीना. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली व 'देवाचा दरबार' उभारण्याचे ठरविले. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना व न घेतलेल्यांनाही जागा होती. म्हणजे मनासारखी मंडळी मिळेना, तेव्हा पन्नाशी ओलांडलेला हा कवी नवीच मांडावयास निघाला. १९१९ साली त्यांचा अंत झाला. दरबार पुरता भरला नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त या फकिरीची घरच्या माणसांना काय किंमत पडली तेही वाचावयास मिळते. पाळकाची मंडळी निवडताना त्याच्या बायकोलाही विचारावे, असे आम्हांस ते पुस्तक वाचताना वारंवार वाटले.

तेव्हा नव्या पाळकाने इमारत, गायनाचा थाट, वडिलांची गोड पत्रे यांवर जाऊ नये. मतांचा मेळ बसतो का, ते पाहावे खरे. पण मंडळीची हिशेबाची वहीही मागावी. दवाखान्यात पडलेल्यांना कोण भेटते, शेवटच्या तीन पाळकांनी जागा का सोडली, हे पुसावे. आणि याचे उत्तर पुढे बसणाऱ्या वडिलांकडून न घेता उपासना चालू असता दाराजवळ बसून लवकर उठून जाणाऱ्यांकडून घ्यावे.