गॅसच्या नळीत बिनभाड्याचे बिऱ्हाड

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत आणि कॅनडात ऑक्टोबर उजाडला, की अनेक घरांसमोर एक ठरलेले काम सुरू होते. उन्हाळाभर हिंडलेली मोटरहोम किंवा मोटारीमागे जोडून न्यायचे कॅम्पर थंडीपुरते बंद करून ठेवायचे. नळांतले पाणी काढून गोठणरोधक द्रव भरायचा, बॅटरी सोडवायची, वरून आच्छादन घालायचे. तिकडे मुलांकडे गेलेल्या काही मराठी आजी-आजोबांनीही अशा गाडीतून एखादी सहल केलेली असते. चाकांवरचे ते छोटे घर पुढे पाच-सहा महिने उभे राहते. रिकामे मात्र राहत नाही. कोळी, गांधीलमाश्या आणि इतर कीटक तिथे मुक्कामाला येतात.

कपाटात कोळी दिसला, तर झाडू पुरतो. प्रश्न आहे तो गॅसवर चालणाऱ्या उपकरणांचा. या गाड्यांत शेगडी, पाणी तापवण्याचा बंब, हवा गरम करणारा फर्नेस आणि पुष्कळदा रेफ्रिजरेटरही प्रोपेन गॅसवर चालतो. यांपैकी बंब, फर्नेस आणि रेफ्रिजरेटर यांची तोंडे गाडीच्या बाहेरच्या बाजूस, जाळीदार झडपांमागे असतात. कीटकांना आत शिरायला ती वाट पुरेशी असते.

यात धोका कसा निर्माण होतो, हे समजण्यासाठी बर्नरची रचना पाहावी लागेल. गॅस एका बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून वेगाने बाहेर पडतो आणि त्या वेगामुळे आजूबाजूची हवा नळीत ओढली जाते. गॅस आणि हवेचे प्रमाण जमले, की निळी, स्थिर ज्योत मिळते. याच नळीच्या तोंडाशी कोळ्याने जाळे विणले, तर गॅस तेवढाच येतो, पण हवा कमी पडते. ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वासही नाही. डोके दुखणे, मळमळ, गळून गेल्यासारखे वाटणे ही त्याची सुरुवातीची लक्षणे प्रवासाच्या थकव्यात सहज खपून जातात. वसंतातील पहिल्या सहलीत रात्री गारठा वाढला, दारे-खिडक्या लावून कुटुंब झोपले आणि धुराड्याची वाट घरट्याने तुंबलेली असली, तर काय होऊ शकते, हे वेगळे सांगायला नको. जाळे अधिक दाट असेल, तर ज्योत नळीच्या मागच्या बाजूने बाहेर येते आणि तारांना, रबरी भागांना आग लागू शकते.

कोळ्यांना याच नळ्या का आवडतात? प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात आणि त्या वासानेच कोळी येतात, असे तिथले अनेक गाडीमालक ठामपणे सांगतात. पण अरुंद, अंधारी, वाऱ्यापावसापासून सुरक्षित जागा कोणत्याही कोळ्याला हवीच असते. वासाचे कारण शोधण्याची तशी गरज नाही. मात्र इंधनाशेजारी बिऱ्हाड थाटण्याची त्यांची खोड मोटार उद्योगाला महाग पडली, हे खरे. माझदा कंपनीने २०११ मध्ये अमेरिकेतील सुमारे ५२ हजार मोटारी परत बोलावल्या. पिवळ्या रंगाच्या एका जातीच्या कोळ्याने इंधनटाकीच्या हवानळीत जाळे विणल्याने टाकीवर ताण येऊन तडा जाण्याची शक्यता होती. कंपनीने नळीत स्प्रिंग बसवून पाहिली. तरीही २०१४ मध्ये सुमारे ४२ हजार मोटारी पुन्हा बोलवाव्या लागल्या.

दुसरा पाहुणा म्हणजे चिखलाचे घरटे करणारी कुंभारीण. आपल्या घरांत खिडकीच्या चौकटीवर किंवा भिंतीच्या कोपऱ्यात मातीची बोटभर घरे दिसतात, ती तिचीच. तिच्या अमेरिकी बहिणी फर्नेसच्या धुराड्याच्या तोंडात मातीचा असा गिलावा करतात, की हवेला वाटच उरत नाही. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकात बर्गेनएअरचे बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळून १८९ जणांचा बळी गेला. अनेक दिवस उभ्या असलेल्या त्या विमानाची वेगमापक नळी झाकलेली नव्हती आणि ती बहुधा याच जातीच्या माशीच्या घरट्याने बुजली असावी, असा तपासाचा निष्कर्ष होता. वैमानिकांच्या हाताळणीतील त्रुटींवरही अहवालाने बोट ठेवले, हे खरे. पण सुरुवात झाली ती वेगाच्या चुकीच्या आकड्यापासून.

उपाय साधे आहेत, फक्त क्रमाने करायला हवेत. गाडी ठेवतेवेळी सिलिंडर बंद करावा आणि बाहेरील प्रत्येक झडप पुठ्ठा आणि चिकटपट्टीने झाकावी. झाकणावर ठळक लाल फीत लावावी आणि शेगडीजवळही एक चिठ्ठी डकवावी. कारण वसंतात हे झाकण काढायचे राहिले, तर ते घरट्याइतकेच घातक ठरते. कायमच्या बारीक स्टीलच्या जाळ्या बाजारात मिळतात. रेफ्रिजरेटरच्या झडपेसाठी त्या उपयोगी पडतात, पण फर्नेसवर त्या बसवण्यास काही उत्पादकांचा विरोध आहे, कारण जाळीत कचरा अडकला की हवेचा मार्गच आक्रसतो. त्यामुळे उपकरणाची पुस्तिका पाहूनच निर्णय घ्यावा. डांबराच्या गोळ्या किंवा पेपरमिंटचे तेल यांवर विसंबू नये. बर्नरजवळ कीटकनाशकाचा फवारा तर मारूच नये. फवाऱ्यातील द्रव बहुधा ज्वालाग्राही असतो.

गाडी पुन्हा काढताना मात्र घाई नको. गॅस सुरू करण्याआधी बर्नरची नळी मऊ ब्रशने आणि हलक्या हवेच्या झोताने साफ करावी. जेट तुंबला असेल, तर तो काढून स्पिरिटमध्ये भिजवावा. आपल्या मागच्या पिढीला स्टोव्हला पिन मारण्याची सवय होती. इथे तो मोह टाळायला हवा. रेफ्रिजरेटरच्या जेटचे छिद्र केसासारखे बारीक असते आणि सुईने ते किंचित जरी रुंदावले, तरी गॅस-हवेचे गणित बिघडते. याच वेळी सिलिंडरच्या रेग्युलेटरवरील श्वासछिद्रही पाहावे. तेथे कुंभारणीने माती भरली, तर गॅसचा दाब कमी-जास्त होऊ शकतो. नंतर जोडांवर साबणाचे पाणी लावून गळती तपासावी आणि एकेक उपकरण वेगवेगळे, दारे उघडी ठेवून पेटवावे. ज्योत पिवळी दिसली, पेटताना धप्प आवाज झाला किंवा भिंतीवर काजळीचा डाग उमटला, तर लगेच बंद करून कारागीर बोलवावा. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा गजरही तपासावा. त्याच्या पाठीवर मुदत छापलेली असते आणि ती उलटली की तो निरुपयोगी समजावा. प्रोपेनच्या गळतीचा गजर वेगळा. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत बसवलेला असतो.

मोटरहोम आपल्या शहरांत अजून अपवादानेच दिसते, पण गॅसच्या ज्योतीचे शास्त्र इथेही तेच आहे. गावचे बंद घर गणपतीला किंवा मे महिन्यात उघडल्यावर शेगडी पेटवताना ज्योत पिवळी, फडफडती दिसली, तर आधी नळी बंद करून हवेच्या छिद्रांत कोळिष्टक आहे का, ते पाहावे. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि तो बरेच दिवस बंद असेल, तर तो स्वतः उघडू नये. त्याची नळी आणि धुराडे जाणकाराकडून साफ करून घ्यावे आणि तोवर आंघोळीचे पाणी स्वयंपाकघरातच तापवावे.