चारा किती, गाय केवढी

यवतमाळ जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या गोठ्यात केवढ्या हाडापेराची गाय असावी, हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटला तरी त्याचे उत्तर चाऱ्याच्या हिशेबात आहे. हा हिशेब बारकाईने मांडला तो मांसासाठी गोपैदास करणाऱ्या अमेरिकेसारख्या देशांनी. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गोहत्येस आणि २०१५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वळू व बैलांच्या कत्तलीसही बंदी असल्याने तो उद्देश येथे नाही. परंतु जिथे दूध बेताचे असते तिथे गायीचे मुख्य उत्पन्न म्हणजे तिचे वासरू, हे दोन्हीकडे सारखेच असल्यामुळे तो हिशेब येथेही उपयोगी पडतो.

दूध, गर्भ किंवा वाढ यांपैकी काहीही नसताना केवळ जिवंत राहण्यासाठी जनावराला जी ऊर्जा लागते तिला निर्वाह-ऊर्जा म्हणतात. ही गरज वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर वजनाच्या पाऊण घाताच्या, म्हणजे वजनाचे दोनदा वर्गमूळ काढून आलेल्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढते, असे मॅक्स क्लायबर या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये दाखवले. या नियमाने ३०० किलोच्या गायीची गरज ७२ धरली, तर ४५० किलोच्या गायीची ९८ येते. वजन दीडपट, पण गरज ३६ टक्क्यांनीच अधिक. किलोमागे मोठी गाय काटकसरी ठरते, यात शंका नाही. मात्र जेवढ्या चाऱ्यावर मोठ्या तीन गायींचा निर्वाह होतो, जवळपास तेवढ्यावरच लहान चार गायींचा होतो, आणि चार गायींना चार वासरे होतात. मोठ्या गायीचे वासरू लहानीच्या वासरापेक्षा एकतृतीयांशाने अधिक मोलाचे निघाले, तरच दोन्ही पारडी समान होतात.

त्यातही चारा अपुरा पडला की गायीचे शरीर आधी स्वतःचा निर्वाह आणि अंगावरच्या वासराचे दूध भागवते, माजावर येणे लांबणीवर टाकते. गर्भकाळ सुमारे २८० दिवसांचा असल्याने वर्षाला एक वेत हवे असेल तर गाय व्याल्यापासून ८५ दिवसांच्या आत गाभण राहायला हवी. चाऱ्याच्या मानाने मोठी असलेली गाय येथेच मागे पडते आणि भाकड दिवस वाढत जातात. कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या या पट्ट्यात ज्वारीचा पेरा घटल्याने कडबा कमी झाला असून, भिस्त कुटारावर आणि वेचणी संपल्यावर पऱ्हाटीत होणाऱ्या चराईवर आहे, ही गोष्ट गाय निवडताना विसरता येत नाही.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ गाय या दृष्टीने फार मोलाची आहे. मध्यम उंचीचा, अरुंद व हलका बांधा आणि पांढरा ते करडा रंग असलेल्या या जातीचे बैल वेगाने चालण्यासाठी नावाजलेले असून, तिच्या संवर्धनासाठी कारंजा (घाडगे) तालुक्यात हेटीकुंडी येथे शासकीय केंद्र आहे. बैल सातत्याने आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्के ओढ देऊ शकतो, म्हणून खोल नांगरटीला वजनदार जोडी हवी असे. आता नांगरट बहुतांशी ट्रॅक्टरने होते आणि बैलांकडे डवरणी व बंडी उरली आहे. कपाशीच्या दोन तासांमधून झाडे न मोडता डवरा नेण्यासाठी अरुंद बांध्याचा, चपळ बैलच सोयीचा.

लहान चणीच्या कालवडीला अवाढव्य जातीच्या वळूचे रेत भरले तर वासरू अडण्याचा धोका असतो, तेव्हा रेत निवडण्यापूर्वी वजन माहीत असणे आवश्यक आहे. काटा नसला तरी टेपने काम भागते: पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी इंचांत मोजून, घेराच्या वर्गाला लांबीने गुणून ६६० ने भागले की वजन अंदाजे किलोत मिळते. घेर ६२ आणि लांबी ५२ इंच असलेली गाय या रीतीने सुमारे ३०३ किलोची भरते.