फोटोचे शेजारी

१९३६ साली कॅलिफोर्नियातल्या निपोमोजवळ, वाटाण्याच्या शेंगा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, डोरोथिया लँग यांनी एका आईचे लागोपाठ काही फोटो घेतले. त्यातला एक ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगभर पोचला. दोन मुलं तिच्या खांद्यांवर तोंड लपवून टेकलेली, मांडीवर तान्हं, हात गालाशी. तेवढाच पाहिला तर आई दिसते, तळ दिसत नाही. बाकीचे फोटो शेजारी ठेवले की तंबूचं कापड दिसतं, आसरा किती तोकडा आहे ते कळतं. पण यातला कोणता आधी घेतला, हे निगेटिव्हच्या क्रमांकावरून सांगता येत नाही, कारण क्रमांक नंतर कचेरीत पडले. शिवाय त्या प्रसिद्ध फोटोच्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तो पुढे निगेटिव्हवर रंगकाम करून पुसण्यात आला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये अंगठा असलेली प्रतही आहे. या दोन प्रतींचं नातं नोंदवलेलं नसेल, तर कुणीही ‘एकच फोटो दोनदा आलाय’ म्हणून त्यातली एक काढून टाकील.

हा फोटो ज्या सरकारी संग्रहातला, त्यात सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आहेत आणि त्यांतल्या कित्येकांवर मथळाच नाही. १९४०च्या दशकात पॉल व्हँडरबिल्ट यांनी त्यांची दुहेरी मांडणी केली: एकीकडे प्रदेश आणि विषय, दुसरीकडे एका कामगिरीवर घेतलेल्या फोटोंचे ‘लॉट’. मला या दुसऱ्या मांडणीचं मोल जास्त वाटतं. विषयाची खूण फोटोत काय आहे ते सांगते. तो कुणासोबतचा आहे, हे लॉट सांगतो. आजही लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये लगतच्या क्रमांकांचे फोटो पाहता येतात, आणि बिनमथळ्याच्या फोटोच्या गावाचा माग पुष्कळदा शेजाऱ्याकडून लागतो.

आपल्या फोनमधल्या हजारो फोटोंना हीच सोय हवी. कॅमेरा तारीख-वेळ फाइलमध्येच लिहितो. ही एक्झिफ नावाची पद्धत १९९५पासूनची. २००१मध्ये आलेल्या एक्सएमपी या पद्धतीत तर ही फाइल कोणत्या मूळ फाइलवरून बनली, हे लिहायलाही जागा आहे. मग वेगळं काही कशाला करायचं, असं कुणी म्हणेल. पण व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळते. अँड्रॉइड फोनवर फाइलच्या नावात जी तारीख दिसते, ती फोटो काढल्याची नसून पाठवण्या-मिळण्याची असते. त्यामुळे जुन्या साखरपुड्याचा फोटो कालच्या वाढदिवसात जाऊन बसतो.

चेहरे ओळखणारी ॲप हे काम करतात, हा दुसरा आक्षेप. ती साम्य ओळखतात, संबंध नाही. रिकाम्या मांडवात, अक्षतांच्या ताटात चेहरा नसतो. शिवाय ॲपने लावलेला अल्बम बहुधा ॲपच्याच नोंदवहीत राहतो; ॲप बदललं की जुळणीही गेली. म्हणून नातं फाइलच्या आतच लिहावं. एवढा वेळ कुणाला, हा प्रश्न रास्त आहे, पण ही नोंद एकेका फोटोला करायची नसते. त्या दिवसाचे सगळे फोटो एकदम निवडून ‘हळद, सकाळ, मामाचं घर’ असा एकच शब्दगट लावला की लॉट तयार. फाइलमधून ठावठिकाणा परक्याला कळेल, ही भीती खरी आहे. तो बाहेर पाठवायच्या प्रतीतून काढावा, मूळ फाइलमधून नव्हे.

छापील फोटो स्कॅन करताना तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी. पाठीमागे स्टुडिओचा शिक्का असतो, पेन्सिलीने पुसट लिहिलेलं नाव असतं. पाठ वेगळी स्कॅन करून दोन्ही फाइलींना एकच क्रमांक आणि ‘समोर’, ‘मागे’ एवढं लावलं की पुरतं. ते राहिलं, तर ती पाठ म्हणजे तपकिरी कागदाचा एक फोटो उरतो, आणि समोरच्या माणसाचं नाव त्या कागदासोबत हरवतं.