तीस फूट लांब अर्ज



गटाच्या ठरावावर अंगठा उठवणं आणि सही करणं यातला फरक तुम्हाला सांगायला नको. आजची माहिती आहे ती अमेरिकेतल्या अशाच निरक्षर माणसांची. तिथे अंगठा नाही, फुली मारायचे. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं ते तिथल्या गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांना. पण सुटका झाल्यावर त्या गुलामांचं पुढे काय झालं?

अमेरिकेच्या दक्षिण भागात कापसाच्या, उसाच्या मळ्यांवर काळ्या माणसांना पिढ्यान् पिढ्या राबवलं. आईपासून लेकरू तोडून बाजारात विकायचे. बऱ्याच राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. १८६५ ला युद्ध संपलं आणि सुमारे ४० लाख माणसं मोकळी झाली. मोकळी, पण हातात जमीन नाही, घर नाही.

सरकारने त्याच वर्षी मार्चमध्ये एक खातं काढलं, फ्रीडमेन्स ब्युरो. जनरल हॉवर्ड त्याचे प्रमुख. शिधा वाटायचा, दवाखाने चालवायचे, लग्नांची नोंद करायची, मजुरीचे करार लिहून घ्यायचे, शाळा काढायच्या. एवढ्या कामाला माणसं किती? जास्तीत जास्त ९०० च्या आसपास! त्यातले काही मजुरांच्या बाजूने उभे राहिले, काही मळेवाल्यांच्या पंगतीला बसले. करार वाचता येत नसेल तर मजुराने कुणावर विश्वास ठेवायचा? मळेवाल्यांची जप्त केलेली जी जमीन त्यांना कसायला मिळाली होती, तीही राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी बहुतेक जुन्या मालकांना परत दिली. खरी खोट इथेच राहिली, असं मला वाटतं.

शाळांचं काम मात्र बरंच झालं. १८७० पर्यंत चार हजारांवर शाळा आणि सुमारे अडीच लाख विद्यार्थी. दिवसा लेकरं, रात्री दमून आलेले आईबाप. खातं इमारत द्यायचं, मास्तरणींचा प्रवासखर्च द्यायचं. पगार उत्तरेकडच्या संस्था द्यायच्या, आणि जिथे जमेल तिथे पालक वर्गणी काढायचे.

लुइझियाना राज्यात शाळांसाठी कर बसवला होता. गोरे मालक तो द्यायला तयार होईनात. शेवटी वसुली थांबवली आणि शाळा बंद व्हायला लागल्या. तेव्हा मळ्यांवरच्या या माणसांनी अर्ज केले: कर आमच्यावर बसवा, पण शाळा चालू ठेवा. शाळा तपासणाऱ्या एका अधिकाऱ्याने असा एक अर्ज पाहिला. निदान तीस फूट लांब, दहा हजार लोकांच्या वतीने केलेला. खाली काही नावं, आणि फुल्याच फुल्या. कर माफ करा असे अर्ज आपण पुष्कळ पाहिलेत. कर लावा म्हणणारा कधी पाहिलाय?

सव्हाना शहरात तर लोक सरकारसाठी थांबलेच नाहीत. ब्युरो निघायच्या आधी, जानेवारी १८६५ मध्ये, काळ्या धर्मोपदेशकांनी आपली शिक्षण संस्था काढली, वर्गणी गोळा केली, आपल्यातलेच शिक्षक नेमले. जिथे माणसं विकायची त्या जुन्या बाजाराच्या इमारतीत शाळा भरवली! त्यांचं म्हणणं एवढंच होतं, बाहेरच्यांनी मदत जरूर करावी, कारभार मात्र आमच्या हातात राहावा. उत्तरेतून आलेल्या मिशनला हे पटलं नाही. काळ्यांना शाळा चालवणं जमणार नाही, असं त्यांनी धरूनच टाकलं होतं. पैसा मिशनकडे, आणि इकडे वर्गणी देणारे स्वतःच हातावर पोट असलेले. वर्षभरात संस्थेचे पैसे संपले आणि शाळा मिशनच्या हाती गेल्या.

ब्युरो १८७२ ला बंद झाला. त्याच्या प्रमुखांच्या नावाचं हॉवर्ड विद्यापीठ वॉशिंग्टनमध्ये १८६७ पासून आजही चालू आहे.