चार गुण कमी

धानाची कापणी आटोपली, चुरणे झाले, की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. दिवाळीनंतर सुरू होतो तो होळीच्या आसपासपर्यंत. रात्री दहाला पडदा उघडतो आणि उजाडताना पडतो. नोकरीच्या सुरुवातीची तीन वर्षे मी सावलीच्या बँकेत काढली, तेव्हापासूनचे हे वेड. आता निवृत्तीनंतर वर्षातून एकदा तरी मूल-गडचिरोली रस्त्यावरची ती बस पकडतो आणि सावलीला उतरतो. उतरायचे ठिकाणही ठरलेले आहे. आमच्या शाखेत बंदूक घेऊन दाराशी बसणाऱ्या हवालदारांचे घर.

हवालदार आता नाहीत. त्यांचा मुलगा तीन एकरांत धान लावतो. या खेपेला मी पोचलो तेव्हा त्यांचा नातू अंगणात प्लॅस्टिकची फाईल घेऊन उभा होता. अकरावीत आहे, कला शाखेत. उंच, काटक, पायात भरतीवाल्या पोरांचे असतात तसले बूट. पाया पडला आणि फाईल पुढे केली.

‘‘साहेब, तुमी बँकेत होते. कागद समजते तुमाले. हे पाहा बरं. मी तं पास आहो. मंग काऊन नाई चालत?’’

दहावीची गुणपत्रिका होती. एकूण ५१ टक्के. निकालाच्या रकान्यात ‘उत्तीर्ण’. मराठीत ६१, विज्ञानात ४३. गणितात २९.

आता हे २९ गुणांत उत्तीर्ण कसे, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. आपल्या राज्य मंडळाची एक जुनी सोय आहे. गणित आणि विज्ञान मिळून २०० पैकी ७० गुण झाले आणि दोन्हींत किमान पंचवीस-पंचवीस असले की मूल पास. भाषांनाही अशीच सवलत आहे, तिन्ही मिळून १०५. एका विषयात अडखळलेल्या मुलाचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून केलेली ही सोय, आणि तिच्यामुळे किती घरांत पेढे वाटले गेले असतील! या घरातही वाटले होते. ४३ आणि २९, बेरीज ७२. दोन गुण वरच.

पण सैन्याची मोजपट्टी वेगळी. अग्निवीर जनरल ड्यूटी, म्हणजे साध्या शिपाई जवानासाठी, दहावीला एकूण ४५ टक्के हवेत आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के हवेत. मंडळ बेरीज पाहते, लष्कर एकेक विषय पाहते. मुलगा एकूण टक्क्यांत सहाने पुढे आणि गणितात चार गुणांनी मागे. दोन्ही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. मधल्या फटीत हा पोरगा अडकला.

मी त्याला विचारले, हे तुला कधी कळले? म्हणाला, गेल्या महिन्यात. त्याआधी वर्षभर तो रोज पहाटे धावत होता.

पहाटेच्या त्या धावण्याविषयी थोडे सांगायला हवे. सावलीच्या आसपासच्या कोणत्याही गावात साडेचार-पाचला उठून रस्त्यावर या, मुले धावताना दिसतील. एकटे कुणी धावत नाही. या पट्ट्यात वाघ आहे, आणि तो काही अभयारण्याच्या हद्दी वाचून चालत नाही. म्हणून सात-आठ जणांचा घोळका, पुढच्याच्या हातात टॉर्च, मागच्याच्या हातात काठी. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढले की धावण्याचे पैकीच्या पैकी ६० गुण. बीमवर दहा वेळा हनुवटी वर नेली की ४०. नऊ फुटांचा खड्डा एका उडीत ओलांडायचा. हे सगळे या मुलांना तोंडपाठ असते. आमचा नातू पाच मिनिटे वीस सेकंदांत येतो. आंब्याच्या फांदीला बांधलेल्या पाइपवर त्याने मला बारा बीम मारून दाखवले.

पूर्वी ही मैदानी परीक्षा आधी व्हायची, कागद नंतर. २०२३ पासून क्रम उलटला. आता आधी संगणकावरची लेखी परीक्षा, तिच्यात निभावला तरच मैदान. पन्नास प्रश्न, शंभर गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापतात, आणि पन्नासातले पंधरा प्रश्न गणिताचे. २०२५ पासून ही परीक्षा मराठीतही देता येते, ही या भागासाठी फार मोठी गोष्ट झाली. पण अर्ज भरतानाच गुणपत्रिकेतले आकडे द्यावे लागतात. पाय कितीही वेगाने धावले तरी फाटक तिथे आहे.

त्यातही एक गंमत पाहा. गंमत कसली म्हणा. ट्रेड्समन म्हणून जायचे तर एकूण टक्क्यांची अट नाही, पण प्रत्येक विषयात ३३ हवेतच. म्हणजे दहावीच्या आधारावर तिथेही नाही. मात्र मेस आणि साफसफाईच्या कामांसाठी आठवी पास चालतो. आठवीत या मुलाला गणितात ४० आहेत. तेव्हा सैन्याच्या दृष्टीने हा मुलगा दहावी शिकून कमी पात्र झाला, असे त्याची आई म्हणाली. मी हसलो नाही, कारण ती हसत नव्हती.

गणित कुठे बिघडले, हे मी त्याच्याकडून काढून घेतले. पाचवीपर्यंत ठीक होता. सहावीच्या वर्षी, २०२० मध्ये, कोविडने शाळा बंद. घरात एकच फोन, तो बापाच्या खिशात, आणि नेटवर्क धरायला गावाबाहेरच्या पाळीवर जावे लागे. सहावी म्हणजे नेमके काय? अपूर्णांकांची खरी कसरत, ऋण संख्या, गुणोत्तर. ते वर्ष तसेच गेले. पुढच्या वर्गातल्या गुरुजींनी पुढचे शिकवले, कारण त्यांना पुढचेच शिकवायचे होते. खालची वीट नसताना भिंत चढत गेली आणि दहावीत २९ वर थांबली. हाच मुलगा खळ्यावर पायलीने धान मोजून खंडीचा हिशेब तोंडाने करतो. मजुराची मजुरी, अडत्याची कटौती, सगळे बिनचूक. कागदावर x आला की त्याचा चेहरा बदलतो.

त्या संध्याकाळी हवालदारांची काळी लोखंडी पेटी उघडली गेली. अशी पेटी माजी सैनिकाच्या प्रत्येक घरात असते, वर पांढऱ्या रंगात क्रमांक, नाव आणि पलटण. आत पदके, पेन्शनचे कागद आणि एक घडी पडलेले प्रमाणपत्र.

हवालदार १९६३ साली भरती झाले. चीनच्या युद्धानंतर सैन्य वाढत होते. शिक्षण, चौथी. महार रेजिमेंटमध्ये गेले. ती रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये, बेळगावला. आज तिचे केंद्र सागरला आहे. तिच्यामागे मोठा इतिहास आहे. कंपनी सरकारच्या पलटणीत महार होते, आणि पलटणीबरोबर शाळा होती. शिपायांच्या मुलांना तिथे शिकावेच लागे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतच शिक्षक होते. पुढे १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती थांबवली, तेव्हा बंदुकीबरोबर शाळाही गेली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज केले, त्यांत नोकरीइतकीच ही शाळेची भूक होती, असे मला वाटते. पहिल्या महायुद्धात दार थोडे उघडले, युद्ध संपल्यावर पुन्हा लागले. नीट उघडले ते १९४१ ला.

म्हणजे त्या काळी शिक्षण ही सैन्यात जाण्याची अट नव्हती, सैन्यात गेल्याचे फळ होते. हवालदारांना तिथे रोमन लिपीतली हिंदी शिकवली. मग नकाशा वाचणे, मग लष्कराच्या शिक्षणाच्या तिसऱ्या, दुसऱ्या, पहिल्या श्रेणीच्या परीक्षा. बढती हवी तर परीक्षा द्या. पचमढीला लष्कराच्या शिक्षण विभागाचे केंद्र आहे, तिथे तयार झालेले शिक्षक पलटणीत येत. चौथी शिकलेला माणूस असा शिकत शिकत मॅट्रिकच्या तोडीचे विशेष प्रमाणपत्र घेऊन १९८० मध्ये बाहेर पडला, आणि आमच्या बँकेच्या दाराशी स्टुलावर बसला.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. सरकारी बँकांत माजी सैनिकांसाठी शिपाई आणि रखवालदाराच्या वर्गात साडेचोवीस टक्के जागा राखीव असतात, आणि कारकुनाच्या वर्गात साडेचौदा. लष्कराचे ते विशेष प्रमाणपत्र मॅट्रिकच्या बरोबरीचे धरतात. एवढेच नव्हे, पंधरा वर्षे नोकरी झालेला मॅट्रिक माजी सैनिक, केंद्राच्या तिसऱ्या श्रेणीतल्या ज्या जागांना पदवी लागते त्यांतल्या काहींसाठीही पात्र ठरू शकतो. हवालदारांचे अक्षर आमच्या दोन कारकुनांपेक्षा चांगले होते. पण त्यांना कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करता येईल का, हे शाखेत कुणी पाहिले नाही. मीही नाही. मी अधिकारी होतो, परिपत्रकांची फाईल माझ्याच कपाटात होती. ‘हवालदार, चहा सांगा’ एवढेच मी तीन वर्षे त्यांना सांगत राहिलो. ते प्रमाणपत्र मी पहिल्यांदा पाहिले ते या खेपेला, त्यांच्या नातवाच्या हातात.

असो.

सावलीचा आणखी एक संबंध सांगायचा मोह आवरत नाही. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन याच गावात भरले होते, स्वतः गांधीजी आले होते. इथले खादीचे काम मोठे. पुढच्याच वर्षी वर्ध्याला त्यांनी नयी तालीम मांडली, हाताच्या कामातून शिकण्याची. त्या गावात आज पोरे बंदुकीच्या नोकरीसाठी पहाटे धावतात, याचे कुणाला वाईट वाटेल, तर वाटो. खळ्यावर बिनचूक हिशेब करणारा मुलगा कागदावर नापास होतो, याचे वाईट गांधीजींना जास्त वाटले असते.

जेवणे झाल्यावर आम्ही तिघे, म्हणजे मी, तो आणि त्याचे वडील, कागद घेऊन बसलो. बँकेतल्या सवयीने मी एका पानावर उभी रेघ मारली.

एक वाट केंद्रीय दलांची. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांच्या शिपाई भरतीला दहावी पास पुरते, टक्क्यांची अट नाही, परीक्षा मराठीत देता येते. मंडळाचे ‘उत्तीर्ण’ तिथे चालते. नोकरी कायमची. वय मात्र अठरा हवे. राज्य पोलिसांना बारावी लागते, म्हणजे तेही पुढचेच.

दुसरी वाट गुणसुधाराची. मंडळाकडे श्रेणीसुधार योजना आहे. पास झालेल्या मुलाला गुण वाढवण्यासाठी पुन्हा बसता येते, पण लगतच्या काही परीक्षांपुरतेच. मुलाला येत्या परीक्षेची संधी होती. आणि एकट्या गणिताला बसता येत नाही.

‘‘मराठीत एकसष्ट आहेत ना साहेब. ते बी परत?’’

‘‘सगळेच विषय परत.’’

तो गप्प झाला. अकरावीचा अभ्यास, सकाळचे धावणे, बापाबरोबर शेत, आणि त्यावर पुन्हा सगळी दहावी.

वडिलांनी वेगळाच प्रश्न काढला. ते म्हणाले, आमच्या बाबांना पेन्शन होती, गेल्यावर आईलाही अर्धी मिळाली. या अग्निवीरात काय आहे? मी आकडे सांगितले. मुदत चार वर्षे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले तीस टक्के कापून निधीत, हातात २१,०००. चौथ्या वर्षी ४०,०००. शेवटी सरकारच्या वाट्यासह व्याज धरून ११ लाख ७१ हजारांच्या आसपास. चारातला एक पुढे कायम होतो. बाकीचे तीन घरी येतात. पेन्शन नाही. जून २०२२ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हापासून यावर पुष्कळ वाद झाले. मी इतकेच म्हणेन की कर्जाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने ‘पाचव्या वर्षी उत्पन्न काय’ या रकान्यापाशी पेन थांबवले असते.

बापाने मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, ‘‘तीन एकरांत पाचव्या वर्सी काय रायते?’’

त्यावर आम्हा दोघांकडेही उत्तर नव्हते.

त्याची धाकटी बहीण दारात उभी राहून ऐकत होती. नववीत आहे. तिने विचारले, पोरींना घेतात का? घेतात, मी सांगितले. लष्करी पोलिसांत मुलींची भरती दहावीच्या पात्रतेवर होते. त्यांची पहिली तुकडी २०२१ मध्ये तयार झाली. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून २०२५ मध्ये पहिल्या मुली बाहेर पडल्या, पण तिथे जायला बारावी लागते. चंद्रपूरला २०१९ पासून सैनिकी शाळा आहे, तिथे सहावीला किंवा नववीला प्रवेश परीक्षा देऊन जाता येते. नववीला तर ती आधीच पोचली होती. हे सगळे दोन-तीन वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर, असे ती म्हणाली नाही. मला मात्र ऐकू आले. गणितात किती पडतात, मी विचारले. ‘‘माहे चांगले आहेत,’’ ती म्हणाली, आणि भावाकडे बघून जीभ चावली.

त्या रात्री नाटकाला आम्ही गेलोच. मध्यांतरात, साधारण अडीच वाजता, चहाच्या ठेल्यापाशी तो म्हणाला की त्याने ठरवले आहे. दहावीला पुन्हा बसणार. गणित शिकवायला गावात एक निवृत्त गुरुजी आहेत, ते पैसे घेत नाहीत, पण संध्याकाळी लवकर झोपतात.

अर्ज भरून झाला आहे. दर रविवारी रात्री आठला तो मला नागपूरला फोन करतो. ऋण संख्या आम्ही बँकेच्या कर्जखात्यावरून सुरू केल्या. खात्यात उणे दोनशे असताना तीनशे भरले तर किती उरले, हे त्याला लगेच कळले. उणे दोनशेतून आणखी शंभर काढले तर काय, इथे थोडा अडला. गेल्या रविवारी अपूर्णांकांचा भागाकार काढला होता. अर्ध्यावर आलो आणि फोन कटला. तो परत पाळीवर चढून लावेपर्यंत वीस मिनिटे गेली. तोवर त्याने उदाहरण सोडवले होते. उत्तर चुकले होते, पण पायरी बरोबर होती.