चायनीज खावे का? आधी रीत समजून घेऊ

बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या भगिनी आम्हाला विचारतात, "चायनीज खाल्लं तर चालतं का?" त्यांच्या डोळ्यांसमोर नाक्यावरची गाडी असते. तिथले मंचुरियन चीनचे नाही, ते भारतातच तयार झाले. चीनमधल्या घरचे परतलेले पदार्थ निराळे आहेत.

दक्षिणेच्या ग्वांगडाँग प्रांतात पालेभाजी लसणाबरोबर मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटेच परततात. सिचुआनच्या गोंगबाओ चिकनमध्ये कोंबडीचे बारीक तुकडे, सुकी मिरची, शेंगदाणे आणि आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या जातकुळीचा मसाला पडतो. टोमॅटो-अंडे तर चीनभर घरोघरी होते. सगळे आधी बारीक चिरल्यामुळे लवकर शिजते, इंधन वाचते. खूप वेळ पाण्यात उकळलेल्या भाजीपेक्षा यात क जीवनसत्त्व जास्त टिकते.

ही रीत घ्यावी, पण सोया सॉस जपून. एका मोठ्या चमच्यात २ ग्रॅमहून अधिक मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणून बीपी असेल तर सॉस न घालता लसूण-मिरचीवर परता, मीठ बेताचे ठेवा. कोंबडी मात्र आतपर्यंत शिजलीच पाहिजे.