मनगटावरचा आकडा आणि हाताखालची नाडी

मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके मोजते, असे आपण सहज म्हणतो. वस्तुतः ते परतून आलेला प्रकाश मोजते. घड्याळाच्या तळाचे हिरवे दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. रक्त तो शोषून घेते. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेखालील रक्त वाढते व परतणारा प्रकाश किंचित घटतो. या चढउतारांवरून ठोक्यांची संख्या काढली जाते.

स्वस्थ बसलेले असताना हा आकडा बहुधा विश्वासार्ह असतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात सात उपकरणे ६० व्यक्तींवर तपासली गेली. त्यांपैकी सहांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या उष्मांकांचा अंदाज मात्र एकालाही नीट साधला नाही.

धावताना हात हलतो, सैल पट्टा घसरतो आणि कधी कधी पावलांची लयच ठोके म्हणून मोजली जाते. थंडीत त्वचेतील रक्तप्रवाह घटतो. गोंदण प्रकाश अडवते. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत्संकेत टिपतो, म्हणून व्यायामात तो अधिक अचूक ठरतो.

मैदानावर उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : विश्रांतीची नाडी अंगठ्याच्या मुळाशी दोन बोटे ठेवून पूर्ण ६० सेकंद मोजावी. १५ सेकंद मोजून चारने गुणल्यास एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. भोवळ आली वा छातीत दुखू लागले, तर घड्याळ काहीही दाखवो, तत्काळ थांबावे व शिक्षकांना सांगावे.